सर, स्पीड थोडा जास्त वाटतोय...

रात्रीचे सव्वादोन वाजलेत. गावाकडे आई गाढ झोपेत असेल आणि मी ताशी अडीचशे किलोमीटरच्या वेगानं धावपट्टीवरून सुटलेय. समोरचे पांढरे दिवे एकेक करून पोटाखाली गडप होतायत. डाव्या सीटवरचा माझा जोडीदार वेगावर नजर ठेवून आहे. ‘‘व्ही-वन,’’ तो मोठ्यानं म्हणतो आणि थ्रस्ट लिव्हरवरचा हात काढून घेतो. पुढच्याच क्षणाला धाडकन आवाज होतो, विमानाचं नाक डावीकडे ओढलं जातं, लाल दिवा लागतो आणि कानाशी टिंग-टिंग-टिंग सुरू होतं. डावं इंजिन गेलं आणि त्याला आगही लागली.

थांबायचं म्हटलं तरी आता थांबता येत नाही. व्ही-वन म्हणजे असा वेग, की त्याच्यापुढे ब्रेक मारले तर उरलेल्या धावपट्टीत विमान उभं राहीलच याची खात्री नाही. म्हणून तर कॅप्टननं लिव्हरवरचा हात काढून घ्यायचा, उगाच मोह नको. आता एकच वाट, वरची.

नाक डावीकडे चाललंय म्हणून मी उजवा पाय दाबला. जोरात दाबला. नको तेवढा दाबला. विमान उजवीकडे झुकलं, घाबरून मी पाय सोडला, तर ते डावीकडे. हवेत गेलो खरे, पण पंख तिरके, आणि काचेतून जमीन अशी दिसायला लागली जशी ती कधीही दिसू नये. मी तोंडानं काहीतरी पुटपुटत होते. नंतर जोडीदारानं सांगितलं, मी ‘आई गं, आई गं’ म्हणत होते.

आणि मग सगळं थांबलं. म्हणजे खरोखर थांबलं. विमान हवेतल्या हवेत गोठलं. मागच्या अंधारातून आमच्या सरांचा शांत आवाज आला, ‘‘चहा घ्यायचा का?’’

मैत्रिणींनो, ही कुठल्या अपघाताची गोष्ट नाही. दिल्लीजवळच्या एका प्रशिक्षण केंद्रात, एका मोठ्या हॉलमध्ये, सहा पायांवर उभ्या असलेल्या एका पांढऱ्या डब्यात हे चाललं होतं. त्याला सिम्युलेटर म्हणतात. त्या डब्यात मी त्या हिवाळ्यात किती वेळा ‘मेले’ त्याचा हिशेब मी ठेवलेला नाही, सरांच्या वहीत असेल.

आमचं गाव तालुक्याचं, सातारा जिल्ह्यातलं. एसटी स्टँडसमोर बाबांचं कापडाचं दुकान. मुलगी पायलट होणार म्हटल्यावर गावात जे बोललं जायचं ते बोललं गेलं, त्यात आज शिरत नाही. गोंदियाजवळच्या बिरसीच्या धावपट्टीवर लहान विमान शिकले, लायसन्स मिळालं. मग एका विमान कंपनीत निवड झाली, पण एअरबस ए-३२० उडवायचं तर त्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं. त्याला टाइप रेटिंग म्हणतात. लहान विमान ते हे सगळं धरून खर्च पाऊण कोटीच्या घरात गेला. दुकानावरचा मजला तारण आहे. सिम्युलेटरच्या परीक्षेत नापास झालं तर जादा सेशन्स घ्यावी लागतात, आणि त्याचेही तासावर पैसे. म्हणजे मी पाय चुकीचा दाबला की विमान पडायचं ते खोटं, पण बाबांच्या छातीवरचा बोजा खरा.

घरी फोनवर सांगायला गेले तर आजीनं विचारलं, ‘‘आगं, पर ते खरं इमान हाय का न्हाई?’’

या प्रश्नाचं उत्तर वाटतं तितकं सोपं नाही. आत गेलं की कॉकपिट अगदी खऱ्यासारखं. तेच बटण, तीच सीट, सीटचा तोच करकरणारा आवाज. काचेबाहेर दिल्ली, मुंबई, लेह, जे हवं ते विमानतळ. दिवस, रात्र, धुकं, पाऊस सरांच्या बोटाच्या टोकावर. गंमत त्या सहा पायांची आहे. विमान वेग घेतंय असं भासवायचं असेल तेव्हा डबा पुढे पळत नाही, पळणार कुठे? तो हळूच मागे कलतो. डोळ्यांना समोर सपाट धावपट्टी दिसत असते, पाठ मात्र सीटमध्ये रुतते, आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग फसतो. मेंदूला वाटतं, सुटलो! हे माहीत असूनही प्रत्येक वेळी फसायला होतं.

ही युक्ती आजची नाही. अमेरिकेत एडविन लिंक नावाच्या गृहस्थांच्या घरचा कारखाना होता ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानो बनवण्याचा. विमान शिकणं महाग पडतं म्हणून त्यांनी १९२९ साली एक छोटं खोटं विमान तयार केलं आणि ते डुलवायला वापरले ऑर्गनचे भाते. हो, आपल्या पेटीला असतो तसलाच भाता, फक्त मोठा. सुरुवातीला लोकांना ते जत्रेतलं खेळणं वाटलं. १९३४ साली अमेरिकन सैन्याच्या वैमानिकांवर टपाल नेण्याचं काम आलं, खराब हवेत अपघातांवर अपघात झाले, तेव्हा सैन्यानं हे ‘खेळणं’ विकत घेतलं. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्यावर शिकले. आमच्या शाळेच्या गॅदरिंगला पेटीचा भाता मीच मारायचे, म्हणून मला हे ऐकून उगाच आपलेपणा वाटला.

तर सिम्युलेटर. हे यंत्र एवढं महाग असतं की ते रिकामं ठेवणं परवडत नाही, चोवीस तास चालतं. नव्यांच्या वाट्याला रात्रीचे स्लॉट. चार तासांचं सेशन, दोन तास मी उडवायचं आणि जोडीदारानं मदतनीस व्हायचं, दोन तास उलट. त्याआधी तासभर फळ्यासमोर, नंतर तासभर चुकांची उजळणी. एक लोखंडी पूल ओलांडून डब्यात शिरायचं. आपण बसलो की तो पूल वर उचलला जातो. पहिल्या दिवशी तो उचलला गेल्याचा आवाज ऐकला आणि माझ्या तळहातांना घाम फुटला.

चहाच्या त्या पहिल्या रात्री सरांनी मला एकच गोष्ट विचारली, ‘‘एवढी घाई कसली होती?’’ मला तर वाटत होतं मी हळू पडले! इंजिनाला आग लागलीय, लाल दिवा, टिंग-टिंग, आणि हे म्हणतात घाई कसली. मग त्यांनी समजावलं. दोन इंजिनांचं प्रवासी विमान एका इंजिनावर चढू शकतं, तसं बनवलेलंच असतं. आग लागलेली बघून हात शिवशिवतात, पण चारशे फूट उंची गाठेपर्यंत आगीचं काहीही करायचं नाही. पाय सांभाळायचा, नाक सांभाळायचं, चाकं वर घ्यायची. बस. दिवा लाल आहे, राहू दे लाल.

चारशे फुटांनंतरही हात एकट्यानं चालवायचा नाही. मदतनीस वैमानिक लिव्हरवर हात ठेवतो आणि विचारतो, ‘‘इंजिन वन, कन्फर्म?’’ दुसरा बघतो, खात्री करतो, म्हणतो, ‘‘कन्फर्म्ड.’’ मगच लिव्हर मागे. मग इंजिनाचा स्विच, पुन्हा तेच, कन्फर्म, कन्फर्म्ड. मला हे आधी कर्मकांड वाटायचं. मग सरांनी तैवानच्या अपघाताचं सांगितलं. ४ फेब्रुवारी २०१५ ला तैपेईहून निघालेल्या विमानाचं उजवं इंजिन उडाल्याबरोबर निकामी झालं. कॅप्टननं घाईनं बंद केलं डावं, म्हणजे चांगलं. विमानात ५८ माणसं होती, ४३ गेली. दोनच गोष्टींतली एक निवडायची होती आणि चुकीची निवडली गेली. त्यानंतर मी ‘कन्फर्म’ म्हणताना कधी कंटाळा केला नाही.

आणि हे जमलं की काय होतं तेही आपल्याकडेच घडलंय. १९ जून २०२२, पाटणा. दिल्लीकडे निघालेलं विमान, आत १८५ प्रवासी, उड्डाण करताना पक्षी धडकला आणि डाव्या इंजिनानं पेट घेतला. कॅप्टन होत्या मोनिका खन्ना. त्यांनी आणि सहवैमानिक बलप्रीतसिंग भाटिया यांनी ते इंजिन बंद केलं, विमान फिरवलं आणि पाटण्याच्या त्याच आखूड धावपट्टीवर अलगद उतरवलं. कुणाला ओरखडा नाही. जमिनीवरच्या लोकांनी आग बघितली, मोबाइलवर टिपली. आमच्या मावशीनं तो व्हिडिओ मला पाठवून खाली लिहिलं होतं, ‘बघ, बाई होती म्हणून!’ मावशीला काय सांगू, बाई होती म्हणून नव्हे. त्या डब्यात बसून हेच पुन्हा पुन्हा केलं होतं म्हणून.

पुढे दिवसागणिक नवं संकट. सरांच्या मागे एक पडदा असतो आणि त्यावर संकटांची यादी. हॉटेलचं मेनूकार्ड असतं तशी. आज धूर, उद्या हायड्रॉलिक, परवा वादळी वारा. एके रात्री ३५ हजार फुटांवर केबिनमधली हवा गेली. तेवढ्या उंचीवर माणूस मास्कशिवाय जेमतेम अर्धा ते एक मिनिट शुद्धीत राहतो. त्रास होतो म्हणावं तर तोही फारसा कळत नाही, उलट म्हणे छान वाटतं. मी काय करावं? चेकलिस्टचं पुस्तक ओढलं. सरांनी घड्याळ दाखवलं, ‘‘दहा सेकंद झाली. मास्क कुठाय?’’ आधी स्वतःचा मास्क, मग बाकी जग. मग विमान दहा हजार फुटांपर्यंत झपाट्यानं खाली आणायचं, जिथं श्वास घेता येतो. प्रवाशांच्या डोक्यावरचे पिवळे मास्क पंधराएक मिनिटंच पुरतात, आणि तेवढ्यात खाली पोचता येतं, हे तुम्हीही लक्षात ठेवा. हवाई सुंदरी सांगते ना, आधी स्वतःचा मास्क मग मुलाचा, ते तोंडदेखलं नाही. आजीला हे अजिबात पटलं नाही. ‘‘आदी लेकराला,’’ ती म्हणाली. मी म्हटलं, आजी, तू बेशुद्ध पडलीस तर लेकराला कोण लावणार? ती म्हणाली, ‘‘मी न्हाई पडत.’’ यावर काय बोलणार!

आठव्या की नवव्या सेशनला कॅप्टन बेशुद्ध पडले. म्हणजे माझ्या जोडीदाराला सरांनी गुपचूप सांगितलं होतं, उतरताना बोलणं बंद कर. मी एक हाक मारली, उत्तर नाही. दुसरी हाक, उत्तर नाही. नियम असा की दोन हाकांना ओ नाही म्हणजे तो माणूस कामातून गेला असं धरायचं. ‘‘आय हॅव कंट्रोल,’’ मी खणखणीत म्हटलं, विमान ताब्यात घेतलं, केबिन क्रूला बोलावलं, त्यांनी कॅप्टनना सीटसकट मागे ओढून पट्ट्यानं बांधलं (असं आम्ही मानलं), आणि मी उतरवलं. सर म्हणाले, ‘‘व्हेरी गुड.’’ पहिल्यांदा म्हणाले. त्या पहाटे मी हॉस्टेलवर परत येताना रिक्षात गाणं म्हणत होते.

आणि दोनच दिवसांनी माझी खरी परीक्षा झाली. त्या रात्री जोडीदाराला ताप होता, म्हणून डाव्या सीटवर एक ज्येष्ठ कॅप्टन बसायला आले. पांढरे केस, बाबांच्या वयाचे, हजारो तास उडवलेले. आल्या आल्या त्यांनी मला ‘बेटा’ म्हटलं, मी ‘गुड इव्हिनिंग सर’ म्हणताना जवळजवळ वाकलेच. साधं उड्डाण, कुठेही आग नाही, धूर नाही. विमान तेच उडवत होते, मी मदतनीस. उतरायची वेळ आली. नियम असा आहे की धावपट्टीपासून हजार फुटांवर असताना वेग, खाली येण्याचा दर, चाकं, फ्लॅप्स, सगळं जागच्या जागी हवं. नसेल तर उतरायचं नाही. सरळ वर जायचं, फिरून पुन्हा यायचं. त्याला गो-अराउंड म्हणतात.

हजार फुटांवर वेग वीस नॉट जास्त होता, विमान वरही होतं. मी आकड्याकडे बघितलं, कॅप्टनच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो एकदम निवांत. मी म्हटलं, ‘‘सर, स्पीड थोडा जास्त वाटतोय.’’

‘‘हां बेटा, कमी होतोय,’’ ते म्हणाले.

होत नव्हता. पाचशे फूट. मी पुन्हा म्हटलं, ‘‘सर, अजून जरा...’’ आणि वाक्य तिथंच सोडलं. पुढचा शब्द माझ्या घशात होता. तो तिथंच राहिला. चाकं टेकली ती धावपट्टी अर्धी संपल्यावर. ब्रेक, पुन्हा ब्रेक, शेवटचे लाल दिवे, आणि गवत. पडदा गोठला.

या वेळी चहा नाही. सरांनी विचारलं, ‘‘स्पीड किती जास्त होता?’’

‘‘वीस नॉट.’’

‘‘तुला माहीत होतं?’’

‘‘हो.’’

‘‘मग ‘थोडा’ कशाला? आणि ‘वाटतोय’ कशाला?’’

मला रडू आलं. ज्येष्ठ कॅप्टननी पाठीवर हात ठेवला, ‘‘अरे, मला तसंच करायला सांगितलं होतं,’’ म्हणाले, त्यानं आणखीच आलं. बेशुद्ध कॅप्टनकडून विमान काढून घेताना मला काही वाटलं नव्हतं. शुद्धीत असलेल्या, निवांत, पांढऱ्या केसांच्या माणसाला ‘चुकतंय’ म्हणणं मला जमलं नाही. त्या डब्यात खोट्या विमानात खोटी माणसं होती, मला कुणी ओरडणार नव्हतं, तरी जमलं नाही.

त्या दिवशी झोप लागली नाही. पडल्या पडल्या मी आमच्या घरातली वाक्यं आठवत होते. गॅस संपतो तेव्हा आई बाबांना काय सांगते? ‘गॅस संपत आल्यासारखा वाटतोय हं.’ सिलिंडर हलवून बघितलेला असतो, आडवाही करून झालेला असतो, भाजी अर्धी कच्ची असते, तरी ‘वाटतोय’. काकू काकांना म्हणते, ‘तुम्हाला वेळ असला तर जरा बँकेत...’ हप्त्याची शेवटची तारीख असते. मोठ्यांना उलटून बोलू नये, हे मला कुणी शिकवलंय असं नाही. ते भाताबरोबर पोटात गेलंय. मला मार्क नेहमी चांगले पडले, पण वर्गात सरांचं फळ्यावरचं गणित चुकलं तर मी ते वहीत बरोबर करून गप्प बसायचे.

आणि हे फक्त बायकांचंच आहे असंही नाही. दुसऱ्या दिवशी सरांनी आम्हा सगळ्यांना मंगळूरच्या अपघाताचा अहवाल वाचायला लावला. २२ मे २०१०, दुबईहून आलेलं विमान, डोंगरमाथ्यावरची धावपट्टी. कॅप्टन अनुभवी, प्रवासात बराच वेळ झोपलेले. उतरताना विमान खूप वर. सहवैमानिकानं तीनदा गो-अराउंड सुचवलं. तीनदा! कॅप्टननी उतरवलंच. विमान धावपट्टी ओलांडून दरीत गेलं, १६६ माणसांपैकी १५८ गेली. तो सहवैमानिक पुरुष होता, शिकलेला, तयार. त्याला दिसत होतं, तो बोललाही, पण विमान हातात घेतलं नाही.

त्याच्याही आधीची एक गोष्ट अमेरिकेतली. डिसेंबर १९७८ मध्ये पोर्टलंड शहरावर एक विमान चाकांचा काहीतरी बिघाड आहे म्हणून तासभर घिरट्या घालत राहिलं. कॅप्टन चाकांच्या विचारात, आणि इंधन संपत चाललेलं. बाकीच्यांना काटा दिसत होता, त्यांनी सांगितलंही, पण हाच आमच्या आईचा ‘संपत आल्यासारखा’ सूर. इंधन संपलं, विमान शहराच्या कडेला पडलं, दहा माणसं गेली. तिथून पुढे जगभरच्या विमान कंपन्यांनी वैमानिकांना बोलायला शिकवणं सुरू केलं. म्हणजे धाकट्याला बोलायला आणि थोरल्याला ऐकायला, दोन्ही. सरळ शिकवतात, वाक्यं ठरवून देतात. आकडा सांगायचा, काय करायचं ते सांगायचं, ‘सर’ म्हणायचं तर म्हणा पण शेवटी. दोनदा सांगून दुरुस्ती झाली नाही तर ‘आय हॅव कंट्रोल.’

मी हॉस्टेलच्या बाथरूममध्ये नळ सोडून आरशासमोर सराव केला. ‘‘स्पीड प्लस ट्वेंटी. अनस्टेबल. गो अराउंड.’’ पहिल्यांदा आवाज निघाला तो एखाद्या बाईनं किराणा दुकानात उधारी मागावी तसा. दहाव्यांदा बरा निघाला. बाजूच्या खोलीतल्या मुलीनं दार वाजवून विचारलं, सगळं ठीक आहे ना?

आईला फोनवर सगळं सांगितलं, गॅसचंही सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, खरंच गं, आता मीही ठणकावून सांगेन. ती हसली. म्हणाली, ‘‘अगं, ‘संपला’ म्हटलं की तुझे बाबा म्हणतात, कसा काय संपला, आत्ता तर आणला. मग वाद. मी ‘वाटतोय’ म्हणते आणि संध्याकाळी सिलिंडर दारात असतो. तुझ्या विमानात संध्याकाळपर्यंत वेळ नसतो, म्हणून तू सरळ बोल.’’ आई फक्त दहावी शिकलीय.

पुढच्या सेशनला तेच कॅप्टन पुन्हा आले, मुद्दाम. या वेळी त्यांनी हजार फुटांवर नाही, आधीच गोष्टी वेळाकाळानं बिघडवायला घेतल्या. मी म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. मी पुन्हा म्हटलं, आवाज चढला, जरा चिरकलाही. तिसऱ्यांदा सांगायच्या ऐवजी मी ‘‘आय हॅव कंट्रोल, गो अराउंड, फ्लॅप्स!’’ म्हणून विमान घेतलं आणि वर गेले. हात थरथरत होते. ते कॅप्टन डाव्या सीटवर हात बांधून बसले होते, म्हणाले, ‘‘शाब्बास. आता मला राग आलाय असं समज आणि पुढचं काम सांग.’’ तेव्हा कळलं, हेही शिकावं लागतं. समोरचा रागावलेला असताना पुढचं काम सांगणं.

परीक्षा झाली, पास झाले, बाबांना फोन केला, ते ‘बरं बरं’ म्हणून फोन आईकडे देऊन दुकानामागे गेले. त्यांचं ते तसंच असतं.

लोक विचारतात, मुलीच्या अंगात तेवढी ताकद असते का? लागतच नाही. एअरबसमध्ये हातात एक छोटी दांडी असते, बाजूला, ती दोन बोटांनी चालते. आणि बायकांनी विमान चालवणं काही नवलाचं राहिलेलं नाही. १९८५ साली कोलकात्याहून सिलचरला फोकर विमान घेऊन गेल्या त्या कॅप्टन सौदामिनी देशमुख, सोबत सहवैमानिक निवेदिता भसीन. पूर्ण महिलांच्या ताफ्यानं नेलेलं ते देशातलं पहिलं विमान. आज भारतात वैमानिकांमध्ये बायकांचं प्रमाण जगाच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त आहे. भीती मात्र सगळ्यांच्या घरी असते. २०२५ च्या जूनमध्ये अहमदाबादचा अपघात झाला त्या आठवड्यात आईनं मला रोज फोन केला, विमानाबद्दल एक शब्द न काढता. जेवलीस का, एवढंच.

पहिलं पावसाळी गो-अराउंड मी खऱ्या विमानात केलं ते गोव्याला उतरताना. जुलै महिना, ढग खाली आलेले, वारा मागून ढकलत होता. विमान कॅप्टन उडवत होते, चांगले, मनमोकळे. हजार फुटांवर वेग जास्त. मी आकडा सांगितला आणि म्हटलं, ‘‘अनस्टेबल. गो अराउंड.’’ ते म्हणाले, ‘‘गोइंग अराउंड.’’ बस, एवढंच. नाक वर, चाकं वर, फिरून पुन्हा आलो, वीस मिनिटांनी उतरलो. ना कॅप्टन रागावले ना त्यांनी कौतुक केलं. त्यांनी फक्त इंधनाचा आकडा लिहून घेतला. आता कंपन्यांमध्ये गो-अराउंड केल्याबद्दल वैमानिकाला जाब विचारत नाहीत, आणि हा नियम किती जीव मोलाचा आहे ते मंगळूरचा अहवाल वाचलेल्याला कळेल. तेव्हा मैत्रिणींनो, कधी विमान उतरता उतरता अचानक वर गेलं तर देवाचं नाव जरूर घ्या, पण घाबरू नका. पुढे कुणीतरी कुणाचं तरी ऐकलंय, एवढंच झालेलं असतं.

प्रवासी उतरत होते तेव्हा मी दाराशी उभी होते. एक मावशी मराठीत आपल्या सुनेला म्हणत होत्या, ‘‘काय बाई हे, पोटात गोळा आला माझ्या. शिकाऊ ड्रायव्हर होता वाटतं!’’ मी हात जोडून नमस्कार केला. त्यांना कळलं नाही मी मराठी आहे ते.

दर सहा महिन्यांनी आम्हाला पुन्हा त्या डब्यात जावं लागतं, थोरल्या कॅप्टननाही चुकत नाही. माझा स्लॉट येत्या गुरुवारी आहे, रात्री दोन ते सहा. कोण असेल डाव्या सीटवर ते अजून कळलेलं नाही. आईनं शेंगदाण्याची चटणी कुरिअर केलीय, बरोबर चिठ्ठी, ‘सरांनाही दे.’